प्लेट काय खोटं बोलते?

"हॅ!" म्हणायचं आणि समोरच्या वस्तूवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, ही काकांची सवय. कॅन्टीनचं ताट असो, रबाळे स्टेशनची फरशी असो. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर नख फिरवून म्हणाले, "ह्याच्यावर अक्षर सरल येल का?" मी डिस्पॅचचा क्लार्क. माझं टेबल सरळ असण्याची गरज कोणाला होती? हा माणूस मला आवडला नाही, आणि पुढची अकरा वर्षं आवडला नाही. तुमच्याही ओळखीत असा एक असेलच, ज्याला स्वतःचं सोडून सगळ्या जगाचं काम वाकडं दिसतं.

काका तळवलीचे. आमच्या कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत बावीस वर्षं बसलेले. तिथे काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे. ती सपाट, म्हणून तिच्यावर ठेवून बाकी सगळ्याची सपाटी मापायची. खिडकीजवळ काकांचं स्टूल आणि स्टुलासमोरच्या कोपऱ्यात त्यांचं काम. दुसरा कोणी आला की दम भरायचे, "एकाच जागी घासू नका, फिरून फिरून वापरा."

दरवर्षी एक एजन्सीवाला यायचा, चहा प्यायचा आणि प्लेट सपाट असल्याचं स्टिकर चिकटवून जायचा. प्लेटला त्याचा हात लागायचा तो स्टिकर लावण्यापुरता. आमच्या शेठना तेवढं पुरायचं.

ग्राइंडिंगवर सिद्धार्थ होता, जालन्याकडचा, निमूट माणूस. त्याने पंपाची झाकणं आणली की काका म्हणायचे, "बाक हाय. परत घे."

"काका, मशीनवर सरळ होती हो."

"हॅ! प्लेट काय खोटं बोलते?"

मग सिद्धार्थ काकांचं समाधान होईपर्यंत परत घासायचा. अशी घासलेली झाकणं एकदा गिऱ्हाइकाने परत पाठवली. सगळीच्या सगळी वाकडी. शेठनी चौकशीची तसदी घेतली नाही. सिद्धार्थला सांगितलं, शनिवारनंतर येऊ नकोस. त्याच्या दोन मुली सानपाड्याच्या शाळेत शिकत होत्या.

"शनवारी मना प्लेट बगू द्या, मंग काय ते ठरवा," काका शेठना म्हणाले. दया वगैरे काही नाही, बरं का. आम्ही जेवणाचे डबे ठेवून ठेवून प्लेट बिघडवली, अशी त्यांची खात्री होती आणि ती त्यांना सिद्ध करायची होती.

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ते एक मीटर बनवत बसले. भंगारातला लोखंडी ठोकळा, खाली बेअरिंगच्या गोळ्यांचे तीन घट्ट पाय. चौथा पाय हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडवर, वरखाली हलणारा, आणि त्याच्यावर मायक्रॉनचा डायल. प्लेटवर कुठे केसाहून बारीक खड्डा असला, तरी चौथा पाय खाली जाणार आणि काटा पडणार. आम्ही यथेच्छ हसलो.

"काका, चंद्रावर पाठवताय का?" मी विचारलं.

"तू लांब व्हय. तुज्या अंगाची गरमी लागते प्लेटला."

शनिवारी सकाळी त्यांनी शेठनाही "लांब व्हा" म्हणून आमच्यासोबत भिंतीला उभं केलं. तिथून काटा कोणालाच दिसत नव्हता, फक्त काका दिसत होते. डबे ठेवायच्या जागेवरून मीटर सरकलं, काका काही बोलले नाहीत. मधल्या भागातही नाहीत. म्हातारा आज तोंडघशी पडणार म्हणून मला गंमत वाटत होती. मग ते स्वतःच्या स्टुलासमोर आले आणि थांबले. जागा पुसली, फुंकर मारली, परत मीटर सरकवलं. असं चार वेळा.

नख त्यांनी फिरवलं नाही. खडू घेतला आणि तेवढ्या जागेभोवती गोल काढला.

"शेठ, प्लेटला खड्डा हाय. माज्याच जागेवर. बावीस वर्सं मीच हितं घासलंय." मग सिद्धार्थकडे बघून म्हणाले, "तुजी झाकनं सरलच व्हती रं. मीच तुज्याकरनं वाकडी करून घेतली."

ते गप्प राहिले असते तर आम्हाला कधीच कळलं नसतं. मला स्वतःची लाज वाटली.

सिद्धार्थची नोकरी राहिली. सोमवारपासून काका आले नाहीत. जाताना त्यांनी मीटर सिद्धार्थच्या हातात दिलं. "पयलं माज्या जागेवर लाव. तिथं काटा पडला, तरच मीटर बरोबर. मंग बाकीची प्लेट बग."

शेठनी प्लेट बदललेली नाही, नवीन स्टिकर तेवढं आलंय. दर शनिवारी सिद्धार्थ मीटर काढतो आणि आधी खडूच्या गोलावर ठेवतो. मी भिंतीला उभा राहतो, कोणी लांब हो म्हणत नाही तरी.

"पडला?" मी विचारतो.

"पडला," तो म्हणतो, आणि पुढच्या जागेकडे वळतो.