पितांबरने दिलेला धीर

पितांबरच्या पोटात काही राहायचं नाही. धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये गाठींच्या स्लाईड तयार करायचं काम त्याचं, रिपोर्ट लिहायचं डॉक्टरीणबाईंचं. पण बाई लिहीपर्यंत ह्यानं बाहेर बाकावर बसलेल्यांना अर्धा रिपोर्ट सांगून टाकलेला असे. शंभरदा बोलणी खाल्ली, पण फरक शून्य. मला त्याचा राग यायचा आणि माणूस आवडायचाही.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी त्याच्या थोरल्या बहिणीच्या, भिकुबाईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला. कॅन्सर निघाला. ऑपरेशनची तारीखही ठरली. बहीण रडायला लागली, तसं ह्याला राहवेना. गाठीभोवती पांढऱ्या पेशींची दाटी त्यानं स्लाईडवर पाहिली होती.

"अक्का, आंगना सिपाईसनी वेढा घाली ठेयेल शे. ती गाठ कोठेच जात नही."

भिकुबाई शांत झाली. पारोळ्याजवळच्या आपल्या गावी गेली आणि कापसाची वेचणी उरकेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलल्याचा निरोप तिनं पाठवला. पितांबरनंही फार ताणून धरलं नाही.

जानेवारीत एकदा चहा पिताना तो तीच दाटी कौतुकानं सांगत होता. बाईंनी कप खाली ठेवला.

"त्या पेशी तिथं उभ्या आहेत. लढताहेत, असं तुला कोणी सांगितलं? त्यांच्यातल्याच काही बाकीच्यांना आवरून धरतात, असा संशोधकांना संशय आहे. एरवी ते आवरणं गरजेचंच, नाहीतर शरीर स्वतःवरच उलटेल. पण इथे गाठीचं फावतं. आणि भिंगाखाली तर सगळ्या सारख्याच दिसतात."

पितांबर उठला, बसला, पुन्हा उठला. मग अंगातल्या ॲप्रनसकट त्यानं पारोळ्याची एसटी गाठली. त्याला एकटं सोडवेना म्हणून मीही चढलो. गाडी थांबली की तो दारापर्यंत जाऊन येई, कंडक्टरशी उगाच भांडे. मला त्याची दया येत होती आणि दोन थोबाडीत माराव्याशाही वाटत होत्या.

भिकुबाई ओट्यावर कापूस निवडत होती. ह्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अक्का, मी चुकनू. त्या सिपाई लढतस का नही, कोनलेच म्हाईत नही. आजच चाल."

भिकुबाईनं गोंधळून हातातला कापूस खाली ठेवला. मग काखेशी हात नेत म्हणाली, "महिना व्हई गया, आठे बी एक गाठ उनी. माले तं बरं वाटनं, म्हनं सिपाई वाढी ग्यात."