आधी कुणी जेवायचं?

शाळेतल्या पूर-छावणीच्या वहीतली नोंद: गुरुवार, १७ जुलै. पाऊस उघडला. नदीवरचा पूल वाहून गेला. सकाळी लष्कराच्या गाड्या आल्या. आक्काच्या सुनेला कळा सुरू झाल्या, बाळ आडवं आहे. इस्पितळ पलीकडच्या काठावर.

आक्का शाळेच्या वसतिगृहातली स्वयंपाकीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा तिनं डाव हातात घेतला, तो अजून खाली ठेवलेला नाही. जेवणघरात शब्द तिचा. ताटात काही टाकायची मुख्याध्यापकांचीही छाती होत नसे. मुलगा जहाजावर. घरात ती आणि सून, आणि दोघींचं असं गूळपीठ की शेजारणी म्हणत, "यातली सासू कोण ते सांगा बाई!"

पूर आला आणि अर्धं गाव शाळेत येऊन राहिलं. नर्सबाईंनी सुनेला तपासलं, मग आक्काला बाजूला घेतलं.

"संध्याकाळच्या आत पलीकडे न्यायला हवं. ऑपरेशन लागेल. इथं माझ्या हाती काही नाही."

धार अशी की होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. ढग इतके खाली की हेलिकॉप्टरचं नाव नको. उरला जवानांचा लोखंडी पूल. चौकटीला चौकट जोडत, लोखंडी चाकांवरून ढकलत, ते तो पलीकडे सरकवत होते. सगळं काम अंगमेहनतीचं.

आक्का रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिनं मोठी पातेली चढवली. भात झाला, बटाट्याचा रस्सा झाला, तसं तिनं फर्मान काढलं, "आधी जवान जेवतील. आपल्यासाठी राबताहेत ते. तोवर कुणी ताटाला हात लावायचा नाही." तिनं जेवण काठावर पाठवलं आणि ती सुनेपाशी जाऊन बसली.

दुपार कलली तरी रिकामी भांडी परत येईनात. म्हणून ती स्वतःच काठावर गेली. पातेल्यांची झाकणंसुद्धा उघडलेली नव्हती. पूल अर्ध्यावर अडकला होता. जवानांचा जोर पुरत नव्हता. तिच्या देखत एक चौकट निसटली. एकाचा पाय थोडक्यात वाचला.

आक्का तरातरा जाऊन जवानांच्या मेजरसमोर उभी राहिली. "का हो साहेब, जेवणात विष कालवलंय का मी?"

"तसं नाही, आक्का. आमचा रिवाज आहे. पुरातली माणसं जेवल्याशिवाय आम्ही घास घेत नाही. शाळेतून निरोप आला की लगेच बसू."

"अहो, कसला निरोप! शाळेतले तुमच्यासाठी खोळंबलेत!"

मेजरनं कपाळाला हात लावला. "म्हणजे सकाळपासून दोन्हीकडे..."

"दोन्हीकडे उपास! बसा आता."

"आधी तुमची माणसं."

"आधी तुम्ही!"

"साहेब," मागून एक जवान केविलवाण्या आवाजात म्हणाला, "तुमचं ठरेपर्यंत मी कच्चा बटाटा खाऊ का?"

आक्का हसली आणि तिथंच तिला सुचलं. "आधी कुणीच नाही. सगळे एकदम!"

तिनं शाळाच्या शाळा काठावर बोलावली. एक जवान, एक गावकरी असे शेजारी बसवले आणि स्वतः वाढायला लागली. मेजर तेवढा उभा.

"मी शेवटी घेतो, आक्का."

"खाली बसा. माझ्याकडे साहेबांना वेगळा पाट नाही."

बसला बिचारा मांडी घालून! दोनदा भात मागितला.

मग मात्र हाळी अशी घुमली की पाण्याचा आवाज त्यात बुडून गेला. एका दमात पूल हातभर सरकू लागला आणि संध्याकाळ व्हायच्या आत पलीकडच्या काठाला टेकला. त्यावरून पहिली गाडी गेली ती लष्कराची रुग्णवाहिका. आत आक्का, तिच्या मांडीवर सुनेचं डोकं.

"आई, पूल हलतोय हो."

"हलू दे. त्याला ढकलणाऱ्यांना मी पोटभर वाढलंय."

दिवेलागणीला मेजरच्या वायरलेसवर निरोप आला. त्यानं तो भोंग्यावरून सगळ्यांना ऐकवला, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!" दोन्ही काठांवर एकच जल्लोष उसळला. टोप्या उडाल्या, त्यातली एक नदीत गेली आणि तिच्या मालकानं तिलाही टाळ्या वाजवल्या.

छावणीच्या वहीत त्या संध्याकाळची शेवटची नोंद: बाळासाठी बायकांनी जुनी सुती चादर फाडून दुपटी केली. कडा दुमडून शिवल्या.