उजव्याची पाळी

मुर्री गावाहून मला रोज कचेरीत नेणारे ऑटोवाले काका हॉर्न कधीच वाजवत नसत. चौकातला सिग्नल कायम बंद पडलेला असायचा; तिथे ते थांबत आणि उजवीकडच्या गाड्या आधी जाऊ देत. मागचा एक जीपवाला रोज आमच्यावर खेकसायचा. काका मान न वळवता, त्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कायले बोंबलून राहिला? तलावाचं पाणी धानाले सोडतानी सिग्नल रायते का? पाळी रायते. उजव्याची पयले." मला उशीर व्हायचा, मीही चिडायचो.

एका सकाळी तीच जीप आमच्या डावीकडून आली, म्हणजे आम्ही तिच्या उजवीकडे, आणि आपणहून थांबली. ड्रायव्हरने हात केला, "चलो काका, आपकी पाळी!"

काका छाती काढून निघाले. चौकाच्या मधोमध त्यांनी हॉर्न दाबला आणि पलीकडे पोहोचेपर्यंत सोडलाच नाही.