चढावरची परीक्षा

परवा पंपावर हाताला डिझेल लागलं. साबणानं दोनदा धुतलं तरी वास जाईना, आणि परभणीतला ट्रकच्या लायसनचा दिवस आठवला.

मी तेव्हा पंचविशीत होतो. जब्बार उस्तादांनी वर्षभर येलदरीच्या रस्त्यावर शेजारी बसून मला ट्रक शिकवला होता. परीक्षेला आठ दिवस उरले असताना ते छातीत दुखून गेले. परीक्षेच्या दिवशी त्यांच्या जागेवर इन्स्पेक्टर साहेब वही घेऊन बसले होते.

साहेबांनी ऐन चढावर गाडी थांबवायला लावली. पुन्हा उचलताना ट्रक मागं सरकू लागला आणि माझ्या तोंडून उस्तादांचंच बोलणं निघालं, "घाई नको बेटा, क्लच हळू सोड."

"कोणाशी बोलताय?" साहेबांनी विचारलं.

"कोणाशीच न्हाई, साहेब."

ट्रक चढ चढला. मी पास झालो. बाहेर बाकीच्यांची माणसं त्यांना मिठ्या मारत होती. मी चालत उस्तादांच्या घरी गेलो. दाराला पडदा होता, आत उस्तादांची बायको, आमची चाची, होती.

"चाची, मी पास झालो."

"मला काय सांगायलास रे?" आतून चाची म्हणाली. "त्यांना सांगायचं होतं."

पडद्याआड तिची पावलं आतल्या खोलीकडं गेली. मी निघालो.

कितीतरी वर्षं वाटायचं, चाची माझ्यावर रागावली होती. मागच्या वर्षी माझी बायको गेली. आता तिच्या ओळखीचं कुणी आनंदाची बातमी घेऊन दारात आलं, की मीही काहीतरी तुटक बोलतो आणि आत जाऊन बसतो.