ओ देणारं घर

कुठलीही लाईन तपासायची म्हटलं की काका आधी उजवा कान खाजवायचे आणि म्हणायचे, "थांब, हाक मारून बघतो."

हाक म्हणजे पिंग. कांदिवलीतल्या आमच्या छोट्या ब्रॉडबँड ऑफिसात मी तक्रारींचे फोन घ्यायचे आणि शेजारच्या खुर्चीवर काका. संगणकावरून गिऱ्हाइकाच्या राऊटरला चार हाका पाठवायच्या. किती उत्तरं येतात, किती वेळात येतात, त्यावरून लाईनची तब्येत कळते. तुमच्यापैकी कुणी घरी करूनही पाहिलं असेल. पण काकांची रीत मालवणची. पहिलं उत्तर ते कधी धरायचेच नाहीत.

"भूत एकदाच हाक मारता, गो," ते मला समजवायचे. "म्हणान पयल्या हाकेक ओ देव नये. नि कोणी दिली तर ती धरू नये."

साहेबांनी एकदा विचारलं, "चारातली तीनच का लिहिता?" काका म्हणाले, "पहिलं आपलं नाय, साहेब." साहेबही कोकणातलेच. मान डोलावून पुढे गेले.

दर तासाला काका स्वतःच्या घरालाही हाक मारायचे. घरी काकू एकट्या, मूलबाळ नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि ते यंत्र विजेवर चालणारं. राऊटरने उत्तर दिलं म्हणजे घरात वीज आहे, म्हणजे काकूंचा श्वास चालू आहे. उत्तर आलं नाही की काका स्कूटरवर बसलेच. "घर ओ देता," असं म्हणूनच ते डबा उघडायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे मीच विचारायला लागले, "काका, घर काय म्हणतंय?"

एका मंगळवारी घराने दिवसभर चोख ओ दिली. संध्याकाळी काका घरी पोचले तेव्हा यंत्र चालू होतं, पंखा फिरत होता आणि काकू दुपारीच गेल्या होत्या.

तेराव्यानंतर ते कामावर आले. पडद्यावर घराच्या राऊटरचा नेटवरचा पत्ता काढला. "मी घराक हाक मारलंय," ते म्हणाले. "तिका मारूची रवली." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

घराचा मेन बंद करून, कुलूप लावून काका बोरिवलीला बहिणीकडे राहायला गेले. सवय मात्र सुटली नाही. दर तासाला चार हाका जायच्या आणि चारही वाया जायच्या.

मग एका भर दुपारी त्या पत्त्यावरून उत्तर आलं. चारही.

"काका, तो पत्ता दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या राऊटरला गेला असेल," मी म्हणाले.

"कसो जातलो? मीच बांधून ठेवलंय तो, आमच्या घराक."

"मग मेन चालू राहिला असेल ना."

त्यांनी खिशातून मेनचा फ्यूज काढून टेबलावर ठेवला. तो ते सोबत घेऊन फिरत होते, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धा डबा तसाच टाकून ते उठले. ऑफिसातून गेले ते कायमचेच. बहिणीकडेही परतले नाहीत. त्याच घरात राहतात, आणि फ्यूज अजून आमच्याच ड्रॉवरमध्ये आहे.

पण त्या दुपारी मला हे काही ठाऊक नव्हतं. उत्तरं येतच होती. घर वीस मिनिटांवर. पंचविसाव्या मिनिटाला मी फोन लावला.

"पोचलात? लाईट आहे का?"

"नाय गो. खिडक्यो बंद, काळोख हा."

"मग ओ कोण देतंय?"

मला त्यांच्या श्वासापलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना येत असावं. कारण त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला आणि ऑफिसात कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात, मला नव्हे, आत कुणालातरी म्हणाले,

"इलंय गो, इलंय."