ड्रायव्हरच्या बाजूचं दार

आमच्या ह्यांना गल्लीत कोणी नावाने ओळखत नाही. लहानथोर सगळे ‘कवळीवाले’ म्हणतात. पस्तीस वर्षं ह्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हे मागच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांशी गप्पा मारत बसायचे. माझ्याशी गप्पा मारायला तेवढा वेळ कधी मिळाला नाही, पण ते असो.

सांगायचं होतं गाडीबद्दल. सासऱ्यांची गाडी. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं पडून होती. पुढे बाकासारखी एकच लांब सीट, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे. टायर बसलेले, इंजिन जाम, आणि मांजर तिच्यात तीनदा व्यालेली. मी हजारदा म्हटलं, भंगारात द्या. हे म्हणायचे, “बघू.” ह्यांनी ‘बघू’ म्हटलं की समजायचं, विषय संपला.

मग वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, शिस्तीच्या आणि तोंडाने फटकळ. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते आणि एकटं राहणं आता शक्य नव्हतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, सहा महिने, फार तर आठ. पुढे उजेड आणि अंधार एवढंच कळेल.

आल्या त्याच संध्याकाळी वन्सं शेडमध्ये गेल्या. ती गाडी त्यांनी चालवलेली. सासऱ्यांनी मुलाआधी मुलीला शिकवलं होतं. मुलाचे पाय पेडलला पोचत नव्हते म्हणून का होईना, पण शिकवलं. अठराव्या वर्षी वन्सं गाडी बाहेर काढायच्या तेव्हा माणसं दुकानातनं उठून बघायला यायची म्हणे. त्यांनी बॉनेटच्या धुळीवरून बोट फिरवलं. खाली नुसता गंज.

“हिचा रंग कसा होता रे?” त्यांनी ह्यांना विचारलं. “मला एक हिरवा आठवतो. पण तो खराच होता की मी मनाने बनवलाय, कळत नाही आता.”

“तुला दाखवतो ना,” हे म्हणाले. “गाडी पहिल्यासारखी करून दाखवतो. तुला दिसतंय तोवर.”

“दिसतंय तोवर म्हणजे कधी? तुझ्या ‘बघू’ने?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेडमधून ठणाठण आवाज यायला लागला. मी म्हटलं, झालं, म्हाताऱ्याला चळ लागला.

पण खोटं कशाला बोलू, इंजिनाचं काम ह्यांनी झकास केलं. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि पंधरा दिवस नुसतं मुरत ठेवलं. रोज सकाळी पाना लावून थोडा जोर द्यायचा, नाही हलला की “उद्या” म्हणून चहाला यायचं. सोळाव्या दिवशी इंजिन केसभर हललं. हे धावत घरात आले आणि काळ्याकुट्ट हातांनी माझा हात धरला. लग्नातसुद्धा एवढ्या प्रेमाने धरला नव्हता. कार्बोरेटर मात्र माझ्या दुधाच्या पातेल्यात उकळला. त्यावरून मी दोन दिवस अबोला धरला, ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

तीन महिन्यांत इंजिन सुरू झालं. गल्लीभर धूर. वन्सं खुर्ची टाकून शेडच्या दाराशीच बसलेल्या. “पहिल्यापासून असंच खोकायचं,” म्हणाल्या आणि खूष झाल्या.

मग पत्र्याचं काम निघालं आणि तिथे आमच्या शहाण्याने माती खाल्ली. दारांच्या खाली गाडीला दोन्ही अंगांना पत्र्याचे उंबरठे असतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. ते कुजले होते. आता गाडीच्या धंद्यातला कोणीही माणूस आधी आतून पाइपचा आधार देतो आणि एका वेळी एकच उंबरठा कापतो. पण आमचे हे पडले कवळीवाले! वरचा जबडा वेगळा, खालचा वेगळा, सुटंसुटं टेबलावर घ्यायचं, घासायचं आणि शेवटी जुळवायचं, ही पस्तीस वर्षांची सवय. दारं काढली, दोन्ही उंबरठे एकदम कापले, नवे बनवले, स्वतः वेल्डिंग करून बसवले. टाके असे सुरेख की बघत राहावं. दोन महिने गेले त्यात.

आणि मग दारं लावायला गेले, तर एकही दार बंद होईना. वरच्या कोपऱ्यात घासतंय, खाली बोट जाईल एवढी फट. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटी कोपऱ्यावरच्या, गाड्या ठोकून रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. त्याने खाली वाकून एकदाच पाहिलं.

“काका, दोन्ही एकदम कापले?”

“हो.”

“आधार न देता?”

हे चष्मा काढून पुसायला लागले.

“गाडी मधून बसली, काका. सगळं परत कापायचं, वर उचलायचं, मग जोडायचं. सहासात महिने धरा.”

तोवर वन्संचे पाच महिने संपले होते. पेपरातले मोठे मथळेही वाचता येत नव्हते. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायच्या, चटका बसला की थांबायच्या. माझ्याशी भांडताना मान एका बाजूला वळवायच्या, कारण कडेने अजून जरासं दिसायचं.

पेंटर गेल्यावर हे उलट्या बादलीवर बसले आणि चक्क रडायला लागले. “पस्तीस वर्षांत माझी एक कवळी परत आली नाही गं,” म्हणाले. “आणि तिला एवढी एकच गोष्ट देणार होतो.”

मला ह्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. माझं असंच होतं. मी म्हटलं, “रडून पत्रा सरळ होत असता तर मी पण बसले असते शेजारी. अहो, गाडी वाकडी झाली. दार तर वाकडं नाही ना झालं?”

हे बादलीवरून उठले.

मी पेंटरला परत बोलावलं. सांगितलं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार, फक्त एक दार, पहिल्यासारखं करून दे. आतलं अस्तर काढलं तेव्हा ऊन न लागलेला जुना रंग तिथे सापडला होता, वीतभर. तोच रंग हवा.

“काकू, रंग शेवटी असतो,” तो म्हणाला. “आणि एक दार आधी रंगवलं तर नंतर बाकीच्या गाडीशी जुळत नाही. रंग तोच घ्या, हात तोच असू द्या, तरी फरक पडतो. लोक मला हसतील.”

“हसू देत. त्यांच्या कवळ्या ह्यांच्याच हातच्या आहेत.”

दाराचे पोचे ठोकून काढायला चार दिवस लागले. वन्सं शेजारी बसून असायच्या. एकदा सहज त्यांनी पत्र्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “इथे उंच आहे.” ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, काही दिसेना. पेंटरने डोळे मिटून हात फिरवला आणि थांबला. “आहे,” म्हणाला. “आम्ही पण हातानेच बघतो, मॅडम. डोळे फसवतात.” त्या दिवशी वन्संनी आणखी तीन ठिकाणं काढली.

रंग वाळल्यावर सकाळी अकराच्या उन्हात आम्ही ते दार अंगणात दोन खुर्च्यांना टेकवून उभं केलं. मी वन्संना हाताला धरून नेलं. त्या अगदी जवळ वाकल्या, मान वळवली, एक कड पाहिली, दुसरी पाहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. हिरवा, पण पोटात निळसर.

“हाच,” त्या म्हणाल्या. “मनाने बनवला नव्हता मी. खरा होता.”

हे दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरत होते. मी तर सरळ रडले, वन्संच्या गळ्यात पडून. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, “पुरे, रंगाला हात लागेल.” पंधरा दिवसांनी त्यांना माझा चेहरा दिसेनासा झाला.

गाडीला मग पुरते आठ महिने लागले. ह्या वेळी आधार देऊन, एका वेळी एकच बाजू. दार कुठे टेकतं ते बघायला ह्यांनी कवळीचा निळा कागद काढला. लोकांच्या दातांमध्ये चावायला द्यायचे तोच, तो आता चौकटीत धरायचे. निळा डाग पडला की तिथे घासायचं. आणि सबंध गाडीवरून हात फिरवायला वन्सं. हातात सुती मोजा घालून रोज दहा ते बारा. त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय पेंटर पुढचा हात मारत नसे. आता तर तो दुसऱ्यांच्या गाड्यांसाठीही त्यांना न्यायला येतो. आठवड्यातून दोन दिवस वन्सं कामावर जातात आणि परत आल्यावर कोणाचा पत्रा किती भिकार होता ते जेवताना ऐकवतात. मी कंटाळते, पण ऐकते.

गाडी पूर्ण झाली तेव्हा पेंटरचं म्हणणं खरं ठरलं. ते एक दार उन्हात वेगळं दिसतं. जरासंच, पण दिसतं. तो बिचारा खजील झाला. “एक दिवस द्या,” म्हणाला. “दार घासून परत मारतो. कोणाला कळणार नाही.”

हे वन्संकडे बघायला लागले. वन्संनी चाचपत ते दार शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

“मी पाहिलेला रंग एवढाच आहे रे,” त्या म्हणाल्या. “तो घासणार तू?”

पेंटरने हातातला पॉलिश पेपर खिशात घातला.

आता रविवारी आम्ही फिरायला जातो. वन्संची जागा पुढे, ह्यांच्या शेजारी. पण त्या पलीकडच्या दाराने कधी चढत नाहीत. ह्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरायचं, वन्संनी तिथून आत शिरायचं आणि लांब सीटवरून सरकत पलीकडे जायचं. मधे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्या क्षणभर थांबतात. मी मागून ओरडते, “वन्सं, सरका! नाहीतर आज तुम्हीच न्या!”

“नेईन की,” त्या म्हणतात. “तू फक्त मागून वळणं सांग.”

मग त्या सरकतात, हे आत बसतात आणि दार न आपटता, एका बोटाने बंद करतात.