ओट्यावरचा पंजा

बडोद्याला आले तेव्हा माझी आठवी अर्धवट राहिली होती. वडील गेल्यावर कोकणातल्या घरात भावाचा संसार वाढला आणि मी त्यात जास्तीची झाले. वडिलांच्या चुलतबहिणीने, म्हणजे आत्याने, मला मांजलपूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये ठेवून घेतलं. "स्वयंपाकात हाताखाली होईल," असं तिने पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. हाताखाली नाही जमलं तर काय, ते त्यात नव्हतं.

तेव्हा सोसायटीत घरोघरी ग्रॅनाइटचे काळे ओटे बसत होते. आत्याचे यजमान, म्हणजे काका, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना ती फॅशन सोसवेना. त्यांनी काँक्रीटचा ओटा जागेवरच ओतून घेतला आणि जवळच्या छाणी गावच्या म्हाताऱ्या गवंड्याबरोबर स्वतः थापी धरून घोटला. राखाडी, गार, म्हशीच्या पाठीसारखा तुकतुकीत. "याची निगा आता तुझ्याकडे," काका म्हणाले. मला कुणी पहिल्यांदाच काही सोपवत होतं.

गवंडी निघताना मला एकटीला सांगून गेला, "बेन, आनी उपर खाटुं ना मूकता." मला गुजराती येत नव्हतं. खाट ठेवू नका, असं मी समजले. ओट्यावर खाट कोण चढवणार? मनाशी हसले आणि सोडून दिलं.

बाकी निगा मी जिवापाड राखली. गरम पातेल्याखाली लाकडी पाट. हळद सांडली की तिथल्या तिथे पुसायची. शनिवारी खोबरेलात मेण वितळवून चोळायचं, मग कोरड्या फडक्याने चमक आणायची. लिंबं, कैऱ्या मात्र त्याच ओट्यावर चिरायची. लोणच्याच्या दिवसांत तर तास न् तास, डावा हात रसात टेकून.

त्याच वर्षी काका गेले, दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता.

महिनाभराने ओटा ओल्या फडक्याने पुसत होते, तर गॅसच्या बाजूला एक पंजा उमटला. चार बोटं, अंगठा, तळवा, सगळं काळपट आणि स्पष्ट. मी फडकं धरून उभी राहिले. पंख्याच्या वाऱ्याने पाणी सुकत गेलं तसा तो बोटांच्या टोकांकडून मिटत गेला. कोरड्या ओट्यावर काहीच नव्हतं. पुन्हा पाणी फिरवलं. पुन्हा आला.

मी साबणाने घासलं, मेण दुप्पट चोळलं. आत्याला कळू नये म्हणून ओटा ओला होऊच देईना. पण एकदा तिच्या हातून तांब्या कलंडला. ती बघत राहिली. मग स्टूल ओढून बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आलात?"

त्या दिवसापासून रोज चारच्या सुमारास ती ओट्यावर पाणी शिंपडून बसायची. विजेचं बिल, पुण्याच्या जावेचं दुखणं, सगळं त्या पंजाला सांगायची. मधेच थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी, आणि म्हणायची, "तुमचं आपलं नेहमीचंच." मी दारामागे उभी. बोलणं चालू असेतो पंजा सुकत नाही, असं मला वाटायचं.

एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या बेन वाटी घेऊन लोणचं मागायला आल्या. आतापर्यंत मला थोडं थोडं समजायला लागलं होतं.

"थोडुं अथाणुं आपो ने. पेलुं लींबुवाळुं, खाटुं."

"खाटुं म्हणजे?"

"ले, आटलुं नथी खबर?" त्यांनी लिंबाची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून चेहरा आंबट केला.

वाटी माझ्या हातातच राहिली. गवंडी खाटेचं नाही, आंबटाचं बोलला होता. रसाने सिमेंट खाल्लं होतं. तो हात माझाच होता.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. सांगावं तर काकांनी सोपवलेला ओटा मी नासवला, आणि आत्याचा माणूस दुसऱ्यांदा नेला. मग मला इथे कोण ठेवील? गावी भावजयीने माझी ट्रंकसुद्धा अडगळीत टाकली होती. आणि न सांगावं तर ती रोज माझ्याच चुकीशी बोलत बसणार.

पाचव्या दिवशी ती बोलत असतानाच मी पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. खाटेचंसुद्धा.

आत्याने ओट्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "ठेव बघू हात."

मी डावा हात ठेवला. तळवा बरोब्बर बसला. अंगठाही. बोटं मात्र माझ्या बोटांच्या पुढे निघाली होती, प्रत्येक जवळजवळ एक पेर.

"रस पसरतो गं," आत्या म्हणाली. मला धीर द्यायला म्हणाली, ते कळत होतं. मी मान हलवली. पण रस पसरला असता तर बोटं रुंदही व्हायला हवी होती. ती बारीकच होती. माझ्या हाताखालचा ओटा गार होता आणि मला हात उचलायचं सुचेना.

"आत्या, मला परत पाठवशील?"

"कुठे पाठवू? तिकडे कोण आहे तुझं?" तिने माझं मनगट धरून हात अलगद बाजूला केला. "एवढी शहाणी, आणि खाट म्हणे. चहा टाक. तिघांचा."

मी तिघांचा टाकला. तिसरा कप तिने ओट्यावर ठेवायला लावला. संध्याकाळी विसळायला घेतला तेव्हा तो रिकामा होता. आत्या प्यायली असेल. मी विचारलं नाही. त्या घरात मी पुढे नऊ वर्षं राहिले, आणि रोज तिघांचा चहा केला.